मदत हवी आहे: 'वॉशिंग्टन बिफोर बोस्टन' पदक, कडेवरचा हात आणि आईची चिंच

मंडळी, न्यू जर्सीतून लिहितोय. गेल्या महिन्यात एका इस्टेट सेलमध्ये तांब्याचं जाडजूड पदक मिळालं, १५० डॉलर मोजले. रुंदी साधारण ६८ मिमी. एका बाजूला वॉशिंग्टनचा चेहरा. दुसरीकडे तो घोड्यावर, सोबत अधिकारी आणि लांबवर बंदरातून निघालेली इंग्रजांची गलबतं. खाली लॅटिनमध्ये १७ मार्च १७७६. विकणाऱ्या बाई छातीठोकपणे म्हणाल्या, ओरिजिनल आहे. पण पदकाच्या कडेवर बोट दाखवणारा इवलासा हात आणि 'क्युइव्र' अशी अक्षरं आहेत. हे काय?

दुसरं दुखणं मोठं. आई आलीय इथे. मी ऑफिसात असताना तिने देव घासायला काढले, त्यात हेही ताम्हणात गेलं. चिंच-मीठ लावून लख्ख! "बघ कसं निघालं," म्हणत हातात दिलं. काय बोलणार? काही उपाय?

प्रतिसाद

आधी हाताचं. ती पॅरिसच्या टांकसाळीची खूण, १८४५ ते १८६० मधली. 'क्युइव्र' म्हणजे फ्रेंचमध्ये तांबं. अमेरिकन काँग्रेसने हे पदक २५ मार्च १७७६ ला मंजूर केलं, तिचं पहिलंच. साचे दुव्हिव्हिए या फ्रेंच कारागिराने कोरले, तेही पॅरिसलाच. वॉशिंग्टनचं सोन्याचं पदक आज बोस्टन पब्लिक लायब्ररीत आहे. सुरुवातीच्या नगांची कड कोरी असते, तेव्हा तुमचं नंतर पाडलेलं, रीस्ट्राइक. पण कोरी कड दिसली की लगेच हुरळूनही जाऊ नका, अमेरिकन टांकसाळीने नव्या साच्यांवरून काढलेल्या प्रतींवरही हात नसतो. हात म्हणजे निदान दीडशे वर्षं जुनं, हे नक्की. मी तर असंच घेतो, कोऱ्या कडेचं परवडत नाही.

आता चिंच. गेलेला तपकिरी रंग परत येत नाही. गंधकाने वगैरे काळं करायला जाऊ नका, संग्राहक लगेच ओळखतात. चिंचेपेक्षा मीठ वाईट. खाचेत राहिलं की हिरवा गंज धरतो. डिस्टिल्ड पाण्यात भिजवा, दोनतीनदा पाणी बदला, घासू नका, मऊ कापडाने नुसतं टिपा. तेल, पॉलिश काही नको. पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका.

मूळ लेखक

आभार. भिजवलं. दुसऱ्या पाण्यात घोड्याच्या पायांमधून चिंचेची शीर निघाली, खरंच. आईला सांगितलं, हा माणूस देवघरातला नाही. ती म्हणाली, मग तांब्याचा कशाला केला?