सात वर्षांच्या मुलासाठी फुटबॉल संघ: घराजवळचा निवडावा की शहरातला नावाजलेला?

प्रश्न (नागपूरच्या मनीषनगर येथील एक आई)

नमस्कार. माझा मुलगा दुसरीत आहे आणि गेल्या नोव्हेंबरात त्याने सात वर्षे पूर्ण केली. दिवाळीपासून इमारतीखाली मोठ्या मुलांबरोबर खेळता खेळता त्याला फुटबॉलचा इतका लळा लागला आहे की शाळेतून आल्यावर दप्तर खाली ठेवण्याआधी तो चेंडू शोधतो. त्याला एखाद्या संघात घालावे असे आम्ही ठरवले आणि तिथेच आमची अडचण सुरू झाली, कारण माझ्या माहेरी किंवा सासरी कोणीही मैदानी खेळ खेळलेले नाही आणि चांगला संघ कशावरून ओळखायचा हे आम्हाला कळत नाही.

आमच्यासमोर दोन पर्याय आहेत. घरापासून चालत दहा मिनिटांवर एका मोकळ्या मैदानात एक सर आठवड्यातून तीन दिवस सराव घेतात. तिथे सहा ते अकरा वर्षांची वीस-बावीस मुले एकत्र खेळतात आणि शुल्क महिन्याला ८०० रुपये आहे. दुसरा पर्याय शहराच्या पार उत्तरेकडील एका नावाजलेल्या अकादमीचा आहे. तिथे कृत्रिम गवताचे मैदान आहे, आठवड्यातून पाच दिवस सराव होतो, मुले बाहेरगावी स्पर्धांना जातात आणि शुल्क महिन्याला ३,००० रुपये असून वर्षभराचे एकदम भरावे लागते. चाचणीनंतर त्यांनी मुलाला आठ वर्षांखालील ‘ब’ संघात घेतले. चेंडू त्याच्या पायात चांगला राहतो, पण अंगाने तो लहान आहे, म्हणून ‘अ’ संघात घेतले नाही, असे त्यांनी सांगितले. शुल्क याच महिन्याअखेर भरायचे आहे. यजमानांचे म्हणणे असे की मुलात गुण असतील तर सुरुवातीपासूनच चांगल्या जागी घालावे. मला संध्याकाळच्या रहदारीतून रोज शहर ओलांडण्याची धास्ती वाटते, पण माझ्या सोयीसाठी मी त्याचे नुकसान तर करत नाही ना, हा विचार मनातून जात नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (कामठीचे एक जुने खेळाडू, सध्या शाळेत प्रशिक्षक)

ताई, आपल्या प्रश्नात दोन्ही संघांचे शुल्क, अंतर आणि मैदान आले आहे, पण सरावाच्या एका तासात आपले मूल नेमके काय करणार, हे आलेले नाही. माझ्या मते निवड त्याच गोष्टीवर करावी. शुल्क भरण्याआधी दोन्ही ठिकाणी न कळवता जा, कडेला बसा आणि आपल्या मुलाएवढ्याच एका मुलावर पूर्ण वेळ नजर ठेवा. तासाभरात किती मिनिटे चेंडू त्याच्या पायाशी होता आणि किती मिनिटे तो रांगेत उभा राहून पाळीची वाट पाहत होता, हे मोजा. पंधरा मुलांची एक रांग आणि एक चेंडू, असा सराव कितीही हिरव्यागार मैदानावर झाला तरी सात वर्षांच्या मुलाच्या पदरात त्यातून फार थोडे पडते.

दुसरी गोष्ट चेंडूची पाहा. मोठ्यांचा पाच क्रमांकाचा चेंडू ६८ ते ७० सेंटिमीटर घेराचा आणि ४१० ते ४५० ग्रॅम वजनाचा असतो. आठ वर्षांखालील मुलांना तीन क्रमांकाचा आणि त्यानंतर साधारण बारा वर्षांपर्यंत चार क्रमांकाचा चेंडू द्यायचा असतो. आपल्याकडे अनेक ठिकाणी सहा वर्षांच्या मुलालाही पाच क्रमांकाचाच चेंडू देतात. मग ते मूल चेंडू वळवायला शिकण्याऐवजी जोर लावून नुसते लाथाडायला शिकते आणि ती सवय पुढे मोडता मोडत नाही. सामन्यांचेही तसेच आहे. या वयात चार-चार किंवा पाच-पाच मुलांचे संघ करून लहान मैदानावर, लहान गोलपोस्ट लावून खेळवले पाहिजे. अकरा-अकरा मुलांना मोठ्या मैदानावर सोडले की तीन-चार दांडगी मुले धावतात आणि बाकीची त्यांना पाहत राहतात.

प्रशिक्षकांकडे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे निदान ‘डी’ लायसन्स (प्रशिक्षकांच्या सुरुवातीच्या पातळीच्या अभ्यासक्रमाचा परवाना) आहे का, हे नि:संकोच विचारा. कागद असला म्हणजे माणूस लहान मुलांचा होतो असे नाही, आणि कागद नसलेले परंतु मुलांना जीव लावणारे उत्तम शिक्षकही मी पाहिले आहेत. पण ज्याने तो अभ्यासक्रम केला आहे त्याला वयानुसार सराव कसा बदलावा हे सांगितलेले असते. शिवाय विचारल्यावर जो चिडतो, त्याच्याविषयी तेवढ्यावरूनही बरेच कळते. हेडिंगविषयीही, म्हणजे डोक्याने चेंडू मारण्याविषयीही, विचारा. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५ मध्ये दहा वर्षे व त्याखालील मुलांसाठी हेडिंग बंद करण्याचा निर्णय जाहीर केला आणि इंग्लंडमध्ये २०२४-२५ च्या हंगामापासून लहान गटांच्या सामन्यांतून ते टप्प्याटप्प्याने काढले जात आहे. आपल्याकडे कोणी सात वर्षांच्या मुलांकडून डोक्याने चेंडू मारण्याचा सराव करून घेत असेल, तर तिथे मूल घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘अ’ आणि ‘ब’ संघाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तिथे आपल्या मुलावर अन्याय होण्याचा संभव आहे. वयोगट १ जानेवारीपासून मोजले जातात. त्यामुळे नोव्हेंबरात जन्मलेले आपले मूल जानेवारीत जन्मलेल्या मुलाबरोबर एकाच गटात येते. सात वर्षांच्या आयुष्यात दहा महिन्यांचा फरक म्हणजे आयुष्याच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक झाला. तो उंचीत, धावण्यात, समजेत, सगळ्यांत दिसतो. कॅनडातील आइस हॉकीच्या खेळाडूंचा अभ्यास करताना १९८० च्या दशकात ही गोष्ट ठळकपणे पुढे आली आणि फुटबॉलमध्येही ती पुन्हा पुन्हा आढळली आहे. वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुले आधी निवडली जातात, निवडली गेल्यामुळे त्यांना अधिक खेळायला मिळते आणि अधिक खेळल्यामुळे ती खरोखरच पुढे जातात. चेंडू पायात चांगला राहतो हे मान्य करून केवळ अंगकाठीवरून सात वर्षांच्या मुलाला मागे ठेवणाऱ्या संघाला या वयात शिकवण्यापेक्षा जिंकण्याची घाई अधिक आहे, असे मला वाटते.

आणि यजमानांना सांगा की उशीर झालेला नाही. जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या शालेय स्पर्धा चौदा वर्षांखालील गटापासून पुढे सुरू होतात. १९६० पासून चालत आलेल्या सुब्रतो चषकासाठीही, म्हणजे शाळांच्या देशपातळीवरील फुटबॉल स्पर्धेसाठीही, आपल्या मुलाकडे पुष्कळ वर्षे आहेत. आमच्या कामठीत लष्करी छावणी १८२१ मध्ये वसली. इथल्या गल्ल्यांमध्ये फुटबॉल पिढ्यान्पिढ्या खेळला जातो आणि आम्ही सगळे दहा-अकरा वर्षांचे होईपर्यंत वस्तीतच, मोठ्या मुलांच्या पायांतून चेंडू काढता काढता शिकलो. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात तुटकी बादली लाथाडत खेळणारी मुले पाहिली आणि २००१ मध्ये झोपडपट्टीतील मुलांसाठी फुटबॉलचे काम सुरू केले, ते याच नागपुरात. त्या मुलांजवळ बूटही नव्हते, पण त्यांच्या खेळात रांग आणि पाळी नव्हती, हे लक्षात घ्या.

उत्तर (प्रतापनगरचे एक वडील)

कामठीच्या सरांनी खेळाची बाजू सांगितली, मी घरची बाजू सांगतो. माझा मुलगा आता बारा वर्षांचा आहे. सातव्या वर्षी मी त्याला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका मोठ्या संघात घातले होते. साडेचारला शाळेतून येऊन, चार घास खाऊन आम्ही निघत असू. जायला पाऊण तास, यायला त्याहून अधिक, आणि परतताना तो गाडीतच झोपी जाई. त्याला उचलून घरात आणायचे, अर्धवट झोपेत जेवू घालायचे आणि गृहपाठ सकाळवर ढकलायचा, असे आमचे दीड वर्ष गेले. एकदा बाहेरगावच्या स्पर्धेसाठी रात्रभर रेल्वेने प्रवास केला. तीन सामन्यांत मिळून तो अकरा मिनिटे मैदानात होता. मी घड्याळ लावून पाहत होतो, म्हणून आकडा लक्षात आहे. परतल्यावर त्याने बूट जिन्याखाली ठेवले आणि पुढचे आठ महिने चेंडूला पाय लावला नाही. त्या वेळी मी त्याच्यावर रागावलो, याचे मला आजही वाईट वाटते.

नंतर तो आमच्याच वस्तीतल्या मुलांमध्ये पुन्हा रमला आणि आता शाळेच्या संघात आहे. म्हणून माझी विनंती आहे की वर्षभराचे शुल्क एकदम भरू नका. नावाजलेल्या संघात घालायचेच असेल तर एप्रिल-मेमधील उन्हाळी शिबिरात आधी महिनाभर पाठवून पाहा. आपल्या विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे निर्णयाला तोवर अवधी आहे. फक्त शिबिराची वेळ पाहून घ्या. मे महिन्यात पारा पंचेचाळीसपर्यंत जातो आणि कृत्रिम गवत मातीपेक्षा कितीतरी अधिक तापते. सकाळी सहाला सुरू होऊन साडेसातच्या आत संपणारे, दर पंधरा-वीस मिनिटांनी मुलांना थांबवून पाणी पाजणारे शिबिर असेल तरच पाठवा.

उत्तर (जरीपटका येथील एक आई)

वरील दोन्ही उत्तरांचा आदर राखून मला थोडे वेगळे सांगायचे आहे, कारण घराजवळचा संघ म्हणजे चांगलाच, असा समज होऊ नये. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. घराजवळच्या संघात ती एकटीच मुलगी होती. मुले वाईट नव्हती, पण जोड्या लावताना ती नेहमी शेवटी उरायची, आणि मैदानाजवळ स्वच्छतागृह नसल्यामुळे ती सरावाच्या दिवशी दुपारपासून पाणीच पीत नसे, हे मला दोन महिन्यांनी कळले. आम्ही तिला दूरच्या, महागड्या अकादमीत घातले. तिथे सात-आठ मुली आहेत, एक ताई प्रशिक्षक आहेत आणि लहान गटांत मुले-मुली एकत्र खेळतात. ती तिथे फुलली आहे. रोजचा प्रवास आम्हालाही जड जातो, पण आम्ही तीन पालकांनी मिळून पाळ्या लावल्या आहेत आणि पाचऐवजी तीनच दिवस पाठवतो. अकादमीने त्याला हरकत घेतली नाही. तुम्हीही ‘तीन दिवस चालेल का’ असे विचारून पाहा.

उत्तर (नंदनवन येथील एक पालक)

एक व्यवहाराची गोष्ट राहून गेली. जो संघ निवडाल तो मुलाची अधिकृत खेळाडू म्हणून नोंदणी करणार आहे का, आणि पुढे संघ बदलायचा झाल्यास काय करावे लागेल, हे पैसे देण्याआधी लेखी विचारून घ्या. जन्मदाखल्याची मूळ प्रत कोणाकडेही ठेवू नका, फक्त छायांकित प्रत द्या. कोणी ‘मुलाला एक वर्ष लहान दाखवू’ असे सुचवले तर तिथून सरळ परत या. अंगाने लहान मुलांच्या पालकांना हे हमखास सुचवले जाते. पुढे वयाच्या तपासणीत हाडांची चाचणी होते आणि शिक्षा मुलाला भोगावी लागते.

प्रश्नकर्त्या आईचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या आठवड्यात आम्ही दोघेही दोन्ही ठिकाणी जाऊन बसलो. अकादमीत ‘ब’ संघाच्या अठरा मुलांना एकच तरुण प्रशिक्षक होते. मी ज्या मुलावर लक्ष ठेवले, त्याच्या पायाशी तासाभरात चेंडू नऊ मिनिटेसुद्धा नव्हता. शेजारच्या मैदानात ‘अ’ संघाच्या दहा मुलांना दोन प्रशिक्षक होते. यजमान हे सगळे पाहून परतीच्या वाटेवर फारसे बोलले नाहीत. तीन दिवसांबद्दल मी विचारले, तेव्हा पाचही दिवस यावेच लागेल असे सांगण्यात आले.

घराजवळच्या मैदानात प्रत्येक मुलाजवळ स्वतःचा चेंडू होता, कारण सरांनी तो घरून आणण्याचा नियमच केला आहे. शेवटची वीस मिनिटे चार-चार मुलांचे सामने झाले. एक अगदी लहानसा मुलगा वारंवार उलट्या दिशेला धावत होता. सरांनी त्याला एकदाही ओरडून थांबवले नाही, जवळ जाऊन खांद्याला धरून वळवले आणि ‘आता तुझा गोल कोणता ते मला दाखव’ असे विचारले. मला ते फार आवडले. दोन उणिवा मात्र दिसल्या. सगळ्यांचे चेंडू पाच क्रमांकाचे आहेत आणि सरांकडे लायसन्स नाही. मी भीत भीत दोन्ही गोष्टी विचारल्या, तेव्हा अभ्यासक्रमासाठी पैसे साठवत असल्याचे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. लहान मुलांच्या पालकांना तीन क्रमांकाचे चेंडू घेण्यास सांगायलाही ते तयार झाले. आम्ही मुलाला तिथेच घालत आहोत. कामठीच्या सरांना एकच विचारते: हे मैदान काळ्या मातीचे आहे, पावसाळ्यात तिथे सराव कसा होईल?

उत्तर (कामठीचे प्रशिक्षक)

ताई, छान केलेत. काळी माती पावसात बुटांना लपेटून बसते आणि प्रत्येक पाय दोन किलोचा होतो, त्यामुळे संततधार असेल त्या आठवड्यात सराव बंदच ठेवावा लागेल. त्या दिवसांत इमारतीखालच्या फरशीवर साध्या सपाट तळाच्या बुटांनी भिंतीशी पास खेळू द्या. पाऊस उघडल्यावर मात्र जास्त जपा, कारण माती वाळताना तिच्यात खुरांचे आणि चाकांचे खड्डे कडक होऊन राहतात, उन्हाळ्यात भेगा पडतात आणि त्यांतच मुलांचे घोटे मुरगळतात. तुम्ही तीन-चार पालक मिळून सरांना महिन्यातून एकदा मैदान समतल करून घ्यायला मदत करू शकलात तर फार बरे होईल. पाण्याचा टँकर आणि एक रोलर मिळाला की अर्ध्या दिवसाचे काम आहे. बूट घेताना उंच स्टडचे (तळाला असलेल्या खुंट्यांचे) घेऊ नका, आखूड आणि जास्त स्टडचे घ्या. वाढत्या पायासाठी म्हणून दोन नंबर मोठे घेण्याचा मोहही टाळा.