प्रतिसाद: पॉलिमरवाला माणूस बॅटरीत कसा?
वर कुणीतरी विचारलंय की प्लास्टिकवाला (म्हणजे पॉलिमरवाला) केमिस्ट बॅटरीत कसा काय घुसला. अहो, लिथियम-आयन बॅटरीवाले जपानी केमिस्ट अकिरा योशिनोंचंच बघा की! १९८१ ला त्यांनी शास्त्रज्ञ शिराकावांचं वीज वाहणारं प्लास्टिक, म्हणजे पॉलिअ‍ॅसिटिलीन हातात घेतलं आणि ह्याचा उपयोग कुठं होईल ते शोधता शोधता गडी डायरेक्ट बॅटरीच्या अ‍ॅनोडपाशी (ऋण टोकापाशी) पोचला, समोर धन टोकाला शास्त्रज्ञ गुडइनफचा लिथियम कोबाल्ट ऑक्साइड लावला, १९८३ ला सेल चालला पण. पण पॉलिअ‍ॅसिटिलीन वजनाला हलकं असलं तरी जागा लई खातं, मग ते सोडून सरळ कार्बन घेतला. मला तर हेच भारी वाटतं, ज्याच्यासाठी सुरुवात केली तेच बाजूला ठेवलं. २०१९ ला नोबेल.

आणि पॉलिमर सुटलं कुठं? सात रस्त्याकडं एका मेकॅनिकनं ई-स्कूटरचा मेलेला सेल खोललेला बघितला (घरी करू नका राव), त्यात दोन टोकं वेगळी ठेवणारी पांढरी पातळ फिल्म असते ना, ती पॉलिइथिलीनची, म्हणजे पॉलिमरचीच. साधारण १३० डिग्रीला तिची छिद्रं बुजतात नि आयनांची (वीजभारित कणांची) ये-जा बंद, म्हणजे सेलच थांबतो. आपल्या सोलापूरच्या मे महिन्यानं ती काय वितळत नाही, पण उन्हानं बॅटरीचं आयुष्य घटतंच, तेवढी गाडी सावलीत लावा.