कोळशाच्या भट्टीतला पिझ्झा: बाबांना कुठे न्यावं?

मिरजवाली

नमस्कार मंडळी. आईबाबा महिन्याभरापूर्वी मिरजेहून आलेत, इथे जर्सी सिटीत आमच्याकडे. स्वातंत्र्यदेवी झाली, टाइम्स स्क्वेअर झाला, मोठमोठी म्युझियमं झाली. बाबा सगळीकडे "छान आहे" म्हणतात आणि घड्याळ बघतात.

परवा जेवताना मुलगा सहज बोलून गेला की न्यू यॉर्कच्या काही जुन्या पिझ्झेरियात अजून दगडी कोळशाची भट्टी आहे. बाबांचा घास हातातच राहिला. "खरा कोळसा? की नुसतं नाव?" असं तीनदा विचारून झालं. बाबा १९७४ साली मिरजेच्या लोको शेडमध्ये क्लीनर म्हणून लागले, पुढे वाफेच्या इंजिनावर फायरमन (भट्टीत कोळसा टाकणारे) झाले. नंतर डिझेल आलं आणि फावडं सुटलं, पण घरात शेगडी पेटवायचा विषय निघाला तरी अजून मत देतात. पिझ्झा त्यांनी जन्मात दोनदा खाल्लाय, दोन्ही वेळा नातवाच्या वाढदिवसाला, आणि दोन्ही वेळा घरी येऊन आमटी-भात.

तर लोंबार्डीज, जॉन्स आणि पॅट्सीज ही नावं ऐकून आहे. यातलं कुठलं? आई शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. गेल्या आठवड्यात एका दुकानात (नाव नको) तिच्या साध्या तुकड्याखाली पेपरोनीचा (मांसाच्या सॉसेजचा) तुकडा चिकटून आला, तेव्हापासून ती पिझ्झ्याकडे साशंक नजरेने बघते. शिवाय बाबांचे गुडघे. तासभर रांगेत उभं करता येणार नाही.

पाथनेयेणारा

जॉन्स ऑफ ब्लीकर स्ट्रीट. जर्सी सिटीहून पाथ ही लोकल गाडी पकडून क्रिस्टोफर स्ट्रीटला उतरा, तिथून रमतगमत दहा मिनिटं. बुधवार-गुरुवारी दुपारी तीनच्या सुमारास जा, शनिवारी संध्याकाळी चुकूनही नको. खिशात रोख पैसे ठेवा, आम्ही गेलो तेव्हा कार्ड घेत नव्हते. आणि तुकडा मागू नका, तिथे अख्खाच पिझ्झा मिळतो. तसं बाहेर पाटीवर लिहिलंयच. अख्ख्याला इकडे 'पाय' म्हणतात, हे आईंना आधीच सांगून ठेवा!

जुनंतेसोनं

बाबांना कोळशात रस आहे म्हणून थोडं मागचं सांगतो. पिझ्झ्याचं मूळ गाव इटलीतलं नेपल्स, तिथली भट्टी लाकडाची. तिथले लोक इकडे आले तेव्हा शहरात स्वस्त आणि मुबलक काय, तर शेजारच्या पेनसिल्व्हेनियातून येणारा कोळसा. बेकऱ्यांच्या भट्ट्या त्याच्यावरच चालायच्या, त्यांतच पिझ्झा भाजायला लागले. लाकडावरचा नेपल्सचा पिझ्झा मिनिट-दीड मिनिटात बाहेर येतो आणि मधे ओलसर असतो. इथला जरा जास्त वेळ आत राहतो, म्हणून बूड कडक.

लोंबार्डीज स्वतःला अमेरिकेतला पहिला पिझ्झेरिया म्हणवतं, साल १९०५. त्याच्या तालमीतले म्हणून सांगितले जाणारे लोक पुढे बाहेर पडले: १९२४ मध्ये कोनी आयलंडचं टोटोनोज, १९२९ मध्ये जॉन्स, १९३३ मध्ये ईस्ट हार्लेमचं पॅट्सीज. आपल्याकडे एका वस्तादाच्या हाताखालचे चार पैलवान चार गावांत तालमी काढतात ना, तसंच. पण या 'पहिल्या'चं प्रकरण हल्ली डळमळलंय. पीटर रेगस नावाच्या संशोधकाने जुने कागद चाळून २०१९ मध्ये दाखवलं की स्प्रिंग स्ट्रीटची ती जागा लोंबार्डींच्या आधी फिलिपो मिलोने नावाचा माणूस चालवत होता, १८९८ च्या सुमारास. शिवाय लोंबार्डीज १९८४ ला बंद पडलं आणि १९९४ ला त्याच रस्त्यावर दुसऱ्या जागेत सुरू झालं. म्हणजे नाव जुनं, जागा दुसरी. माझं मत जॉन्सलाच.

ताकपिठं

आईंसाठी एक सूचना. मांस नको एवढं सांगून भागत नाही. वरून जे किसलेलं चीज भुरभुरतात ते बहुधा पेकोरिनो रोमानो असतं, आणि ते कोकराच्या जठरातल्या रेनेटने (दूध घट्ट करणाऱ्या द्रव्याने) विरजतात. मोझरेलाचंही विचारावं लागतं, काही ठिकाणी वनस्पतीजन्य रेनेट असतं, काही ठिकाणी नसतं. फार काटेकोर असतील तर चीजशिवाय नुसता टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल असा करून मागा. नेपल्समध्ये त्यालाच मरिनारा म्हणतात, आणि तो तिथला अस्सल प्रकार आहे, उपासाचा पर्याय नव्हे. फक्त अँचोव्ही मासे नकोत हे बोलून घ्या.

मिरजवाली

सगळ्यांचे आभार. काल जाऊन आलो, जॉन्सला. सविस्तर लिहिते, कारण घरी हा विषय अजून संपलेला नाही.

पोचल्यावर बाबा आत यायलाच तयार नाहीत. समोरच्या फुटपाथवर उभे राहून मान वर करून धुराडं शोधत होते. मी म्हटलं, चला, रांग नाहीये. तर म्हणाले, "धूर कुठाय? कोळसा पेटलाय आणि धूर नाही, असं कसं?" त्यांच्या काळी चिमणीतून काळा धूर निघाला की ड्रायव्हर फायरमनकडे डोळे वटारायचा. काळा धूर म्हणजे कोळसा एका जागी ढिगाने टाकलाय, नीट पसरलेला नाही. मग फोनवर शोधून त्यांना वाचून दाखवलं: इथे ॲन्थ्रासाइट हा कडक जातीचा दगडी कोळसा जाळतात. पेटायला हट्टी, पण एकदा पेटला की धूर जवळजवळ नाही आणि आच जबरदस्त. त्यातून महापालिकेने २०२४ पासून असल्या जुन्या भट्ट्यांना धुरातले कण ७५ टक्के कमी करण्याचा नियम लावलाय. "म्हणजे फायरमन पास," असं म्हणून मग आत आले.

बसायला लाकडी बाकं, उंच पाठीची, आणि त्या लाकडावर एक इंच मोकळी जागा नाही. सगळीकडे नावं कोरलेली. नावांवर नावं, बदाम, तारखा. आई लगेच बाबांना, "पन्हाळ्यावर कुणी नाव कोरताना दिसलं की तुम्ही भांडायला जाता, इथं टेकून बसा आता." बाबा टेकले नाहीत. जेवण होईस्तोवर ताठ.

आम्ही सांगितलेले दोन: एक साधा चीजचा, एक आईसाठी चीजशिवाय लसूण-टोमॅटोचा. (ताकपिठं, तुम्हाला आईचा खास नमस्कार. वेटरला मी रेनेटचं विचारलं तेव्हा आईनेच आपण होऊन मान हलवून "नो चीज" म्हणून टाकलं. आयुष्यातलं तिचं पहिलं इंग्रजी संभाषण असावं.)

बसलो तिथून भट्टीचं तोंड दिसत होतं. बाबांनी माझ्या नवऱ्याला उठवून त्याची जागा घेतली. लांब दांड्याच्या फळीवरून पिझ्झा आत सरकवायचा, थोड्या वेळाने वळवायचा, तपासायचा, काढायचा. बाबा मनगटावरच्या घड्याळात वेळ मोजत होते. यावेळी घड्याळ कंटाळ्याने बघत नव्हते, एवढं मला पुरलं. "तो बघ, त्या कडेला आच जास्त हाय. म्हणून फिरवतोय. आमचा फायरबॉक्स पण असाच, कोपरे थंड पडायचे, फावडं तिकडंच मारायला लागायचं." शेजारच्या टेबलावरची दोन पोरं बघत होती, कारण बाबांनी बसल्या जागी फावडं मारून दाखवलं.

पिझ्झा आला. आईने आधी तुकडा उलटा करून पाहिला. "अगंबाई, करपलाय की." बुडाला खरंच काळे ठिपके होते. बाबा म्हणाले, "चुलीवरच्या भाकरीला फोड येते तेवढंच ते. खा." आणि स्वतः चार तुकडे खाल्ले. चीज पातळ, जागोजागी, साखळी दुकानातल्यासारखी रजई नाही. कडेचा भाग आपण टाकतो ना, तो त्यांनी सगळ्यांच्या ताटलीतून गोळा करून खाल्ला, कुडुमकुडुम आवाज करत. आईने दोन खाल्ले आणि "लसूण बरा घातलाय" असं प्रमाणपत्र दिलं. जरा मीठ कमी वाटलं मला, पण ते बोलायची सोय नव्हती.

निघताना बाबांनी मुलाला दुभाषा करून भट्टीवाल्याला एकच प्रश्न विचारला: राख किती वेळा काढता? तो बिचारा गडबडीत होता, पण हसला आणि बोटांनी काहीतरी दाखवलं. दोन की तीन, यावरून आजोबा-नातू पाथमध्ये वाद घालत आले. "आमच्या कोळशात निम्मी राखच असायची," बाबा म्हणाले, "ह्यांची मजा हाय."

रात्री आमटी-भात मागितला नाही.

आता पुढचा प्रश्न. बाबांना पॅट्सीजची भट्टीही बघायची आहे, "दोन इंजिनं बघितल्याशिवाय तुलना कशी करणार" म्हणून. सहा नंबरच्या गाडीने ११६ व्या रस्त्याला उतरून किती चालावं लागतं? गुडघे लक्षात ठेवून सांगा.

पाथनेयेणारा

स्टेशन लेक्झिंग्टन ॲव्हेन्यूवर आहे, तिथून पॅट्सीजच्या फर्स्ट ॲव्हेन्यूपर्यंत तीन लांबट चौक, वर दोनेक छोटे. तुम्हाला दहा-बारा मिनिटं, बाबांना वीस धरा. त्यापेक्षा फर्स्ट ॲव्हेन्यूवरून वर जाणारी एम १५ बस घ्या, जवळच सोडते. आणि तिथे तुकडाही मिळतो, तेव्हा पोट भरलेलं असलं तरी भट्टी बघायला निमित्त आहे. राखेचं विचारून घ्या आणि इथे कळवा.