बेळगावात पोल डान्स शिकवणारी कुणी आहे का? मदत हवी आहे

मैत्रिणींनो, तुळशीच्या लग्नानंतर आमच्या मैत्रिणीचं लग्न. तिच्या केळवणाला आम्ही आठजणी, फक्त बायकांचं, दोन तासांचं पोल डान्स सत्र ठेवायचं म्हणतोय. व्यायाम म्हणूनच, दंड, पोट, पकड, सगळ्याचा कस लागतो. सगळ्या नवशिक्या, एकीचा खांदा नाजूक, त्यामुळे उलटं लटकणं नको.

टिळकवाडी, कॅम्पातल्या जिममध्ये विचारलं, झुंबाच मिळतं. मल्लखांबाच्या एका सरांशीही बोललो. पण त्यांच्या लाकडी खांबाला एरंडेल लावतात, आणि स्टीलच्या पोलवर तेलाचा थेंब चालत नाही, उघड्या त्वचेचीच पकड. मेंदीवर लावायचं निलगिरी तेलसुद्धा त्या दिवशी बंद, नवरीला पटवलंय.

खरी अडचण जागेची. शहापूरचं घर कौलारू, हॉलला फॉल्स सीलिंग. जमीन आणि स्लॅबच्या मध्ये दाबून बसवायचा पोल दोन्हीकडे जमत नाही. रुंद बैठकीचा सुटा पोल आणि खाली जाड गादी हवी. गोव्याला जायला घरचे सोडणार नाहीत.

कोल्हापूर, पुणे किंवा गोव्याहून असा पोल घेऊन येणारी बाई प्रशिक्षक कुणाला माहीत आहे का? आणि अंगणातल्या शहाबादी फरशीवर तो न हलता उभा राहतो का?