उन्हाळ्याच्या पगाराचं फेब्रुवारीतच का बोलू नये?

कृष्णाकाठ:
अमेरिकेत पीएचडीला येणाऱ्यांनी ऑफर लेटरमधली एक ओळ नीट वाचावी, म्हणून हा धागा काढतेय. माझ्या लेटरमध्ये होतं: नेमणूक १६ ऑगस्ट ते १५ मे, आठवड्याला २० तास. घरी सगळ्यांनी महिन्याचा आकडा पाहिला, रुपयांत गुणाकार केला, आईने देवापुढे पेढे ठेवले. पगार नऊच महिने आहे, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पहिल्या वर्षी मे संपला तेव्हा खात्यात ११४० डॉलर होते आणि १ जूनला ६२५ भाडं जायचं होतं. लॅब चालूच होती. दर दोन दिवसांनी पेशींचं मीडियम, म्हणजे त्या ज्यात वाढतात तो द्रव, बदलावं लागतं, नाहीतर चार महिन्यांची मेहनत मरते. मी जात राहिले. सरांना विचारायचा धीर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात झाला. ते म्हणाले, "मला वाटलं डिपार्टमेंटने तुझी सोय केलीये. मार्चमध्ये बोलली असतीस तर संशोधनाच्या ग्रँटमध्ये बसवलं असतं." माणूस वाईट नव्हता, मीच गप्प बसले होते. दहा आठवडे बिनपगारी काम केलं, आणि माझ्या शिक्षणासाठी आधीच कर्ज काढलेल्या बाबांनी वर आणखी पैसे पाठवले. तो फोन मी अजून विसरलेले नाही.

माझं म्हणणं एवढंच: फेब्रुवारीतच विचारा. किती आठवडे, आठवड्याला किती तास, पैसे कुठल्या खात्यातून. उत्तर मेलवर घ्या. 'बघू' असं उत्तर आलं तर ते नाही समजून दुसरीकडे हात-पाय हलवा. आणि बिनपगारी लॅब करू नका. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

अप्पा_नागपूरकर:
ताई, तुमच्यावर जी वेळ आली ती यायला नको होती. पण मी २२ वर्षं इथे शिकवतोय, तेव्हा टेबलाच्या पलीकडून काय दिसतं तेही सांगतो.

बहुतेक प्राध्यापकांचा पगारही नऊच महिन्यांचा असतो. उन्हाळ्याचा स्वतःचा पगार आम्ही ग्रँटमधून काढतो, आणि एनएसएफ, म्हणजे संशोधनाला पैसे देणारी सरकारी संस्था, साधारणपणे वर्षाला दोन महिन्यांच्या वर देत नाही. विद्यार्थ्याला उन्हाळ्यात ६००० डॉलर द्यायचे तर भत्ते आणि ओव्हरहेड, म्हणजे विद्यापीठाने कापून घेतलेला वाटा, धरून ग्रँटमधून नऊ हजारांच्या वर जातात. ग्रँट मिळाली की नाही हे कितीदा एप्रिल-मेपर्यंत कळत नाही. २०२५ मध्ये तर एनएसएफने आणि वैद्यकीय संशोधनाला पैसे देणाऱ्या एनआयएचने आधी दिलेल्या ग्रँटसुद्धा मध्येच थांबवल्या. अशा वेळी फेब्रुवारीत लिहून द्यायचं कशाच्या जोरावर? 'बघू' म्हणणारा टाळत असतोच असं नाही, बऱ्याचदा तो खरं तेच सांगत असतो.

शिवाय प्रबंध विद्यार्थ्याचा असतो. स्वतःच्या प्रकरणासाठी उन्हाळ्यात काही आठवडे पगाराविना काम केलं तर त्याला पिळवणूक म्हणू नये. मीही केलंय.

ओवी_आणि_कोड:
मला दोघांचंही पटत नाही. मास्टर्सवाल्याने प्रोफेसरच्या दारात उभं राहायचंच कशाला? उन्हाळा इंटर्नशिपचा. मी कॉम्प्युटरवाली. पहिलं शैक्षणिक वर्ष पूर्ण झालं, सीपीटी (शिकत असताना बाहेर काम करायची परवानगी) घेतली आणि बारा आठवड्यांत जे कमावलं ते कॅम्पसवर वर्षभरात मिळालं नसतं. पूर्णवेळ सीपीटी बारा महिने झाली तर ओपीटी (शिक्षणानंतर नोकरी करायची परवानगी) जाते, म्हणून मुलं घाबरतात. एका उन्हाळ्याचे तीनच महिने होतात! फक्त कंपनीचं नाव आणि तारखा आय-२० वर, म्हणजे विद्यापीठाने दिलेल्या व्हिसाच्या कागदावर, चढल्याशिवाय कामाला हात लावू नका. आणि मोठ्या कंपन्यांचे अर्ज आदल्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच सुरू होतात. फेब्रुवारीत जागं होणं म्हणजे उशीरच.

शांता_नदी:
ओवी, तुमचं कॉम्प्युटरपुरतं बरोबर आहे. मी इतिहासवाली. मला कोण इंटर्नशिप देणार?

आमच्याकडे उन्हाळ्यात शिकवायला वर्ग मिळतात, ते थोडेच आणि बेभरवशाचे. मागच्या वर्षी मला एक मिळाला. सिलॅबस केला, वाचनाचे उतारे स्कॅन केले. दहा विद्यार्थी हवे होते, सात आले. वर्ग सुरू व्हायच्या चार दिवस आधी मेल आला की रद्द. त्या चार दिवसांत दुसरं काय मिळणार?

एक गोष्ट मनाला लागते ती सांगते. माझी अमेरिकन वर्गमैत्रीण उन्हाळ्यात पुण्याला गेली, अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजच्या वर्गात मराठी शिकायला, परदेशी भाषा शिकण्यासाठीच्या सरकारी फ्लास फेलोशिपवर. तिचा मला आनंदच आहे, परत आल्यावर आम्ही दोघी मोडीतली कागदपत्रं लावत बसतो. पण ती फेलोशिप फक्त नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळायची. अशी बरीच दारं आपल्याला बंद असतात, म्हणून डिपार्टमेंटची जी दोन-चार उघडी आहेत त्यांच्या तारखा भिंतीवर लावून ठेवाव्या लागतात.

अप्पा सर, 'मीही केलंय' हे मला पटत नाही. तुम्ही केलंत तेव्हा भाडं किती होतं?

वाटसरू_७२:
मी एका विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसात काम करतो. नियमांपुरतं बोलतो.

एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास. सुट्टीत पूर्णवेळ चालतं, पुढच्या सत्राला परत येणार असाल तर. ओळखीच्या दुकानात किंवा हॉटेलात रोखीने काम अजिबात नको. त्यात व्हिसा जातो, आणि मी ते डोळ्यांदेखत पाहिलंय.

बिनपगारी कामाबद्दल: स्वतःच्या प्रबंधाचं संशोधन वेगळं. पण ज्या कामाला एरवी पगार देतात, म्हणजे मशीन सांभाळणं, सामानाच्या ऑर्डरी, धाकट्या मुलांना शिकवणं, ते 'व्हॉलंटिअर' म्हणून करू नका. एफ-१ वर ते अंगाशी येऊ शकतं. आधी आमच्यासारख्या ऑफिसात विचारा.

आणि जूनची पे स्लिप उघडून बघा. पहिली पाच कॅलेंडर वर्षं एफ-१ वाल्यांना सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा ७.६५ टक्के कर साधारणपणे लागत नाही. ऑगस्ट २०२१ ला आलेल्यांचं २०२१ हेच पहिलं वर्ष, म्हणून २०२६ पासून ही सूट संपते. त्यानंतर फक्त विद्यार्थी म्हणूनची सूट उरते, आणि उन्हाळ्यात एकही क्रेडिट घेतलं नसेल तर ती लागू होत नाही. पाचव्या-सहाव्या वर्षाच्या मुलांना हे जुलैत कळतं.

कृष्णाकाठ:
वाटसरू दादा, मशीन आणि ऑर्डरींचं वाचून काटा आला. मी त्या उन्हाळ्यात नेमकं तेच करत होते.

अप्पा सर, ग्रँटचं कळतं. पण अनिश्चितता दोघांची असताना तिचा भार फक्त एकाच्या भाड्यावर का? लिहून द्या म्हणजे पैसे कबूल करा असं नाही. 'अजून ठरलं नाही, अमुक तारखेपर्यंत सांगतो' हेही लिहिताच येतं. २०२२ च्या शेवटी कॅलिफोर्निया विद्यापीठात ४८,००० विद्यार्थी-कर्मचारी आणि संशोधक संपावर गेले, त्यातले बहुतेक जण सहा आठवडे, तेव्हा मुख्य मागणी पगाराचीच होती. हे सगळे काही आळशी किंवा उद्धट नव्हते.

अप्पा_नागपूरकर:
तारीख लिहून द्यावी हे मला मान्य आहे. मी स्वतः कधी दिली नाही, आता देईन. शांताताईंचा भाड्याचा प्रश्नही रास्त आहे, माझं भाडं १८० डॉलर होतं.

पण 'बघू म्हणजे नाही' हे नव्या मुलांना शिकवू नका. चांगली माणसं त्याने दुरावतात. मेलमध्ये "पैसे असतील तरच थांबेन" लिहू नये. असं लिहावं: "१५ मेनंतर मला उत्पन्न नाही. तुमच्याकडून १५ मार्चपर्यंत कळलं तर बरं होईल, म्हणजे पैसे नसतील तर डिपार्टमेंटच्या समर टीएसाठी (उन्हाळ्यात शिकवायच्या कामासाठी) अर्ज करता येईल." हे वाचून मी तरी त्याच दिवशी ऑफिसला फोन करेन.

कृष्णाकाठ:
वाक्य घेतलं, सर. धाग्याच्या वर चिकटवते. बिनपगारी आठवड्यांबद्दल मात्र आपलं जमणार नाही.

पहिलाच_पाऊस:
मी येत्या ऑगस्टमध्ये येतोय, मटेरियल्समध्ये पीएचडी. लेटरवर 'अकॅडमिक इयर अपॉइंटमेंट' एवढंच आहे, तारखा नाहीत. म्हणजे नऊ महिनेच का? आत्ताच विचारलं तर लोभी वाटेन का?

कृष्णाकाठ:
बहुतेक नऊच. लोभी अजिबात नाही वाटणार. डिपार्टमेंटच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला मेल टाक, प्रोफेसरला नको. दोनच प्रश्न: पहिल्या उन्हाळ्याचे पैसे कोण देतं, आणि नऊ महिन्यांचा पगार बारा महिन्यांत वाटून घेता येतो का. काही ठिकाणी येतो. उत्तर आलं की इथे टाक.