कंपनीपेक्षा पंप बघा

पेट्रोलची कंपनी बदलली की मायलेज वाढतं असं म्हणतात, हे मला पटत नाही. इंडियन ऑइलची महाराष्ट्रात एकही रिफायनरी नाही. मुंबईत माहुलला आहेत त्या एचपी आणि भारत पेट्रोलियमच्या. सरकारी कंपन्या आपसात मालाची देवाणघेवाण करतात, म्हणजे एकीच्या पंपावर दुसरीच्या रिफायनरीतलं पेट्रोल असू शकतं, आणि साध्या पेट्रोलला बीएस-६ या प्रदूषण-मानकाचे निकष सगळ्यांना सारखेच. फरक असतो तो अ‍ॅडिटिव्हचा, म्हणजे कंपनी वरून मिसळते त्या रसायनांचा.

एक्सपी-९५ (इंडियन ऑइलचं ९५ ऑक्टेनचं पेट्रोल; ऑक्टेन म्हणजे इंजिनमध्ये अवेळी न पेटण्याची क्षमता) किंवा १०० ऑक्टेनचं महागडं पेट्रोल टर्बो, जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनला उपयोगी पडू शकतं. गाडीच्या मॅन्युअलमध्ये मागितलेलं नसेल तर ते पैसे कृपया वाचवा.

खरी काळजी पंपाच्या टाकीची. पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. गेल्या पावसाळ्यात पेट्रोल भरून निघालो आणि दोन किलोमीटरवर गाडी धक्के खात बंद पडली. मेकॅनिकने टाकी उतरवली तर तळाशी पाणीच! पंप नावाजलेल्या कंपनीचाच होता. तेव्हापासून मी भरपूर खप असलेल्या, म्हणजे माल टाकीत पडून न राहणाऱ्या एकाच पंपावर जातो. भेसळीची शंका आली तर फिल्टर पेपर मागा, तो ग्राहकाचा हक्क आहे. त्यावर टाकलेला पेट्रोलचा थेंब डाग न ठेवता उडून जायला हवा. मात्र पाण्याची तपासणी त्याने होत नाही, त्यासाठी पंपाच्या टाकीत, पाणी लागलं की रंग बदलणारी पेस्ट लावलेली डिप रॉड (मोजायची दांडी) घालायला सांगा.