प्रतिसाद: सांबरा की बोगमाळो?

शाळेची विमानं बघायची सहल कुठे न्यावी, या चर्चेत बेळगावजवळच्या सांबऱ्याबद्दल मुद्दा आला: ‘सांबऱ्याची धावपट्टी १९४२ सालची, ब्रिटिश हवाई दलाची, मग सहल गोव्याला कशाला?’ हा मुद्दा इतिहास म्हणून बरोबर आहे. पण सांबरा हे चालू हवाई दल ठाणं आहे. परवानगी मिळाली तरी मुलांना हात लावून बघता येईल असं तिथे फारसं काही नाही. गोव्यातल्या बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात मात्र विमानं अंगणातच उभी आहेत.

तिथे फलक वाचत फिरण्यात मात्र अर्थ नाही. सातवी-आठवीच्या मुलांना एकच काम द्या: पंखांची घडी कुठे पडते आणि शेपटीखाली हूक आहे का, ते शोधा. सी हॉक आणि आलिझे या विमानवाहू जहाजावरच्या विमानांना दोन्ही आहे, कारण जहाजावर जागा कमी आणि थांबायला हुकाने डेकवरचा आडवा दोर पकडावा लागतो. सी हॅरियर हे लढाऊ विमान सरळ खाली उतरतं, म्हणून त्याला हूक नाही. झोत खाली वळवणारी त्याच्या इंजिनाची फिरणारी चार तोंडं दोन्ही बाजूंना दिसतात. सुपर कॉन्स्टेलेशन हे मोठं विमान जहाजावर मावणारच नाही, ते किनाऱ्यावरून उडायचं. मग १९७१चं युद्ध सांगा. ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजाच्या चार बॉयलरांपैकी एक निकामी होता, त्यामुळे जहाजाचा वेग कमी, म्हणजे डेकवर समोरून येणारा, विमानाला उचलायला मदत करणारा वाराही कमी. जड आलिझे उडवणं त्यामुळेच अवघड झालं होतं. तरीही ४ डिसेंबरला सी हॉकनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर हल्ला केला. विज्ञानाच्या बाईंना सोबत न्या, इतिहासाचे सर एकटे पुरणार नाहीत. सोमवार टाळा, संग्रहालय बंद असतं. पावसाळाही नको, विमानं उघड्यावर आहेत आणि बेळगावहून गोव्याला जाताना लागणाऱ्या चोर्ला घाटाचा भरवसा नसतो.